उसने कान

चित्राच्या पाठीमागे माल कुठून उचलला याची यादी लिहिणारा चित्रकार लातुरात एकच, बालाजी पेंटर. ‘नजर: कॅलेंडरवरली लक्ष्मी. मान: परदेशी पुस्तकातली बाई. पदर: साबणाची जाहिरात.’ मला यादी करणारी माणसं आवडतात. मी शिकवणी क्लासचं ऑफिस सांभाळते. टेबलावर रोज तीन याद्या असतात.

फ्लेक्स येण्याआधी क्लासच्या भिंती तोच रंगवायचा. आता गुणवंतांचे चेहरे छापील लटकतात आणि बालाजी कॅनव्हासवर दुसऱ्यांची चित्रं जोडून नवी करतो. कुणी चोर म्हटलं की छाती पुढे काढून सांगतो, "ढापलं न्हाई, उसनं घेतलं. मागं लिव्हलंय, वाचून घ्या."

एकदा चाकूरचे एक पालक तणतणत ऑफिसात आले. मुलीच्या होस्टेलखालीच बालाजीची खोली.

"मॅडम, त्यानं कुण्या बाईच्या चित्राला माझ्या पोरीचे कान लावलेत!"

"कशावरून?"

"माझेच हाईत की ते!" त्यांनी टोपी मागे सारली. खरंच, सुपाएवढे.

मी यादीत लिहिलं, ‘बालाजी: कान पुसून घेणे’, आणि त्यांना घेऊन निघाले.

बालाजीने हुज्जत घातली नाही. चित्र उलटं करून दाखवलं. वर ‘आई’. खाली यादी. ‘कान: क्लासचा फ्लेक्स, दुसरी रांग, चाकूरची मुलगी.’ शेवटी ‘ओठ:’ आणि पुढे कोरं.

"मी आठवीत होतो. भूकंपात घर पडलं, आई गेली. फोटोबी राहिला न्हाई. सगळा चेहरा एकदम आठवत न्हाई, मॅडम. पण कुठं तिचा तुकडा दिसला की वळखू येतो. तेवढा उचलायलोय. उशीर केला तर तेबी इसरंल."

पालक कानाला हात लावून उभे राहिले. मग म्हणाले, "डावा जरा खाली घे. आमच्यात डावा खाली असतो."

"न्हाई काका, आईचे सारखे व्हते."

"बरं. मग ऱ्हाऊ दे."

मी यादीतलं काम खोडलं आणि वळले.

"मॅडम, बोलू का? काम खोडलं की तुम्ही ओठ दाबून हसता. चूल सारवून झाली की आई तसंच हसायची."

मला ऑफिसात कुणी हसताना पाहिलेलं नाही, असा माझा समज होता.

मी त्याच्या समोरच्या स्टुलावर बसले, पेन काढलं आणि यादीतलं पुढचं काम खोडलं. ते अजून झालं नव्हतं.