दाजींच्या चिंतनाची पोच

जगात सांगणारे फार आणि ऐकणारे थोडे, ही तूट माणूस बोलायला लागला तेव्हापासूनची आहे. ती भरून काढण्याचे प्रयत्न धर्मांनी केले, शाळांनी केले, लग्नसंस्थेने तर विशेष चिकाटीने केले. यश कुणालाच आले नाही. शेवटी हा प्रश्न कचेरीने सोडवला. कचेरीने पोच शोधून काढली. पोच म्हणजे तुमचे म्हणणे आमच्यापर्यंत आले, एवढीच कबुली. ते आम्ही वाचले, आम्हाला कळले किंवा आम्ही त्यावर काही करणार आहोत, असा तिचा अर्थ कधीच नव्हता. तसा अर्थ काढून जे अर्जदार निराश झाले, ते स्वतःच्या जबाबदारीवर निराश झाले.

हे मी अधिकाराने सांगतो. गेली सव्वीस वर्षे मी एका कचेरीच्या आवक-जावक विभागात आहे. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, क्रमांक घालायचा, पोच द्यायची. आजवर अंदाजे चार लाख कागदांची पोच मी दिली आहे. त्यांतले वाचले सात. (एक माझ्याच बदलीचा होता, तोही मुदत टळून गेल्यावर वाचला.)

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, पाणीपुरवठा खात्यात मीटर तपासनीस होते. छत्तीस वर्षे त्यांनी परक्यांच्या जिन्याखाली, कुंड्यांच्या आड, कुत्र्यांच्या नजरेसमोर ओणवे होऊन मीटर वाचले. निवृत्त झाल्यावर वाचायला मीटर उरले नाहीत, म्हणून ते लिहू लागले. रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी त्यांचे चिंतन दोनशे चौदा लोकांच्या फोनवर जाऊन पडे. नातेवाईक, जुने सहकारी, दाताचे डॉक्टर, शिंपी, आणि एकदा चुकून ज्याच्याशी बोलणे झाले असा विमा एजंट, असा तो श्रोतृवर्ग होता.

चिंतनाचे तीन भाग ठरलेले. पहिला, रोजचे जगणे. यात 'नळाची गळती आणि मनाची गळती' यांसारखे विषय येत. दुसरा, संगीत. दाजींनी साठाव्या वर्षी व्हायोलिन शिकायला घेतले होते आणि पाच वर्षांत एक धून जवळजवळ पूर्ण बसवली होती. (शेजाऱ्यांनीही ती बसवली असावी, कारण दाजी जिथे चुकत तिथे भिंतीपलीकडून कुणीतरी बरोबर सूर गुणगुणत असे.) तिसरा भाग, चालू घडामोडी. यात दाजींची भूमिका ठाम असे: दोन्ही बाजूंनी संयम पाळावा. दोन देशांच्या युद्धाला त्यांनी हाच सल्ला दिला आणि इमारतीतल्या गाडी लावण्याच्या भांडणालाही हाच. दोन्हीकडे त्याचा सारखाच परिणाम झाला.

आता या चिंतनाच्या स्वागताविषयी. दाजी जुने खातेवाले, त्यामुळे प्रतिसादांची नोंद ते एका वहीत ठेवत. त्या वहीनुसार रोज सरासरी एकशे एक प्रतिसाद येत: अंगठे चौसष्ट, जोडलेले हात एकवीस, फुले नऊ, बाकी शब्दांत. शब्द असे: 'खूप छान', 'अगदी मनातलं', 'सुंदर विचार', 'असेच लिहीत राहा'. चिंतन वाचायला चार मिनिटे लागत आणि पहिला प्रतिसाद सरासरी सहा सेकंदांत येई. आपल्या माणसांचा वाचनवेग पाहून दाजींना भरून येई.

माझी स्वतःची कार्यपद्धती सांगतो. डाव्या हातात दात घासायचा ब्रश, उजव्या हाताने अंगठा. दोन वर्षांत एकही खाडा नाही. दाजींच्या वहीत माझ्या नावापुढे 'नियमित' असा शेरा होता. कचेरीत तो मला कधी मिळाला नव्हता.

सर्वांत जास्त कौतुक दाजींचे चुलतभाऊ करत. आम्ही त्यांना मोठे काका म्हणतो. ते अंगठा-बिंगठा पाठवत नसत, कुठे लग्नकार्यात भेटले की दाजींच्या पाठीवर थाप मारून म्हणत, "रोज वाचतो बरं का तुझं. कालचं तर फारच छान."

असे सगळे सुरळीत चालू असताना एका बुधवारी सहा-दहाला नेहमीप्रमाणे चिंतन आले. त्यातला मजकूर खाली जसाच्या तसा देत आहे.

'पाण्याच्या वाहिनीत झडप असते. गेलेलं पाणी उलटं येऊ नये एवढंच तिचं काम. माणसाच्या हृदयातही अशाच झडपा असतात. आमच्या हिच्या हृदयातली एक नीट मिटत नाही, असं डॉक्टर म्हणतात. उद्या सकाळी ऑपरेशन आहे. पुलापलीकडचा दवाखाना, तिसरा मजला. मला थोडी भीती वाटते. कुणी आलं तर बरं वाटेल. संगीताबद्दल म्हणायचं तर, दोन सुरांच्या मधली जागा सांभाळणं सगळ्यात कठीण. जगातल्या घडामोडींबाबत दोन्ही बाजूंनी संयम पाळावा.'

या चिंतनाला विक्रमी प्रतिसाद मिळाला. एकशे एकोणीस. 'अगदी मनातलं' चौघांनी लिहिले. दाताच्या डॉक्टरांनी 'पुढे पाठवू का?' अशी परवानगी मागितली. विमा एजंटाने 'झडप ही कल्पना आवडली' असे कळवले. वहीतल्या नोंदींवरून पाहता दोन वर्षांत मजकुरातला एखादा शब्द उचललेला हा पहिलाच प्रतिसाद होता. परदेशी असलेल्या भाच्याने, म्हणजे ताईच्या सख्ख्या मुलाने, लाल बदाम पाठवला. हृदयाच्या बातमीला हृदयाचे चित्र, म्हणजे विषयाला धरूनच होते.

मी सहा वाजून चौदा मिनिटांनी अंगठा पाठवला.

रविवारी मी दाजींकडे शिडी मागायला गेलो. दाराला कुलूप. समोरच्या शिंपिणीने दार उघडले. ती ताईची मैत्रीण.

"दवाखान्यात आहेत ना दोघं," ती म्हणाली. "गुरुवारी ऑपरेशन झालं ताईंचं. मी जाऊन आले काल. तुम्ही आता शिडी घेऊन जाणार का तिकडे?"

"मला कुणी कळवलं नाही," मी म्हणालो.

"दाजी तर म्हणत होते, सगळ्यांना कळवलंय."

"तुम्हाला त्यांच्या मेसेजवरनं कळलं?"

"छे हो. मी कुठली वाचतेय. किल्ली ठेवायला आल्या होत्या, तेव्हा सांगितलं त्यांनी." मग म्हणाली, "फुलं पाठवते मी रोज."

बसमध्ये मी बुधवारचे चिंतन उघडले. सव्वीस वर्षांतला हा मी वाचलेला आठवा कागद. तो वाचून झाल्यावर मी मागचे वाचायला घेतले, कारण पुलावर गाड्या तुंबल्या होत्या आणि खिडकीबाहेर बघवत नव्हते. दोन महिन्यांपूर्वीच्या 'जिना' या चिंतनात लिहिले होते की हल्ली आमची ही दुसऱ्या मजल्यावर थांबते आणि मला म्हणते, तुम्ही व्हा पुढे. त्यावर माझा अंगठा. तीन आठवड्यांपूर्वीच्या 'उशी' या चिंतनात, तिला आडवे झाले की श्वास पुरत नाही, बसूनच झोप लागते. अंगठा. आणि गेल्या वर्षी माझ्या वाढदिवशी: 'माझ्या मेहुण्याने लग्नात माझे बूट लपवले होते आणि मग माझा चेहरा पाहून स्वतःच परत आणून दिले. तेव्हापासून तो मला सख्ख्या भावासारखा आहे. हे त्याला तोंडावर सांगायला जमत नाही, म्हणून इथे लिहितो.' याला मी शब्दांत उत्तर दिले होते. 'उपयुक्त माहिती.'

तिसऱ्या मजल्यावर ताई उशांना टेकून बसली होती. चेहरा उतरलेला, पण आवाज नेहमीचा. दाजी स्टुलावर. आणि खिडकीपाशी एक अनोळखी, पन्नाशीचा माणूस संत्रे सोलत बसला होता. त्याच्या खिशाला नट आवळायचे दोन पाने आणि एक स्क्रू ड्रायव्हर खोचलेला.

"आलास?" ताई म्हणाली. "दाजी चार दिवस म्हणतायत, येईल तो, त्यानं अंगठा दाखवलाय. मी म्हटलं, तेच तर. अंगठा दाखवलाय."

मी दाजींना म्हणालो, "एक फोन तरी करायचा."

"अरे, कळवलं होतं सगळ्यांना," दाजी शांतपणे म्हणाले. "एकशे एकोणीस जणांची पोच आली. म्हटलं सगळ्यांना माहीत आहे, कामात असतील. पुन्हा फोन करायचा म्हणजे, वाचूनसुद्धा का आला नाहीस, असं विचारल्यासारखं होतं. लोकांना कशाला पेचात टाकायचं?"

यात तर्काची चूक मला आजतागायत सापडलेली नाही.

खिडकीपाशी बसलेला माणूस लिफ्ट दुरुस्त करणारा निघाला. झाले होते असे की, दाजींनी यादी करताना मोठ्या काकांच्या नंबरातला शेवटचा आकडा चुकवला होता. त्यामुळे दोन वर्षे काकांचे चिंतन या लिफ्टवाल्याला जात होते. काकांना एकही चिंतन कधी मिळाले नव्हते. (त्यांचे मत मात्र यादीतल्या सर्वांत अनुकूल मतांपैकी होते. यावरून न पाठवलेल्या मजकुराची गुणवत्ता लक्षात यावी.)

"तुम्ही रोज वाचता?" मी विचारले.

"वाचतो की. आधी वाटलं चुकून आलं. मग रोजच यायला लागलं. म्हटलं, मलाच लिहितायत. सकाळच्या पारी आपल्याला कोण लिहितं हो एवढं?" त्याने संत्र्याच्या फोडीवरची साल काढून ती ताईच्या हातात दिली. "वहिनींचं जिन्याचं वाचलं तेव्हाच मला चुटपूट लागली होती. त्यांच्या इमारतीतली लिफ्ट बंद आहे, असं त्यात होतं. बुधवारचं वाचलं आणि आलो गुरुवारी."

"मग कधी उत्तर नाही दिलंत?"

तो ओशाळला. "काय देणार? माणूस एवढं मनापासून लिहितो. त्याला नुसता अंगठा कसा दाखवायचा?"

दाजींच्या वहीत या नंबरापुढे 'निष्क्रिय' असा शेरा होता, कारण काकांच्या तोंडी कौतुकाची नोंद ते वहीत धरत नसत. पुढच्या महिन्यात ज्यांना यादीतून कमी करायचे होते, त्यांत तो पहिला होता.

त्या खोलीत मी तासभर बसलो. एरवी नुसते बसले की हात आपोआप खिशातल्या फोनकडे जातो, तो जाईना. शेवटी मी दाजींना म्हणालो, "बुटांचं वाचलं मी. आज वाचलं."

"बरं," दाजी म्हणाले. ताईची उशी सारखी करत म्हणाले, "उजव्या बुटात खडा राहिला होता पण."

पुढच्या आठवड्यात माझ्या घरी नातेवाइकांची बैठक झाली. उपस्थिती अकरा, पैकी फोनमधून मान वर असलेले चार. मोठे काका अध्यक्षस्थानी होते. भाचा परदेशातून पडद्यावर आला आणि डोळे पुसत राहिला. त्याला कुणी काही बोलले नाही, कारण बोलायला लायक असा कुणी त्या खोलीत नव्हता. चर्चेअंती असे ठरले: (१) यापुढे आजारपण, मृत्यू व तत्सम मजकूर सगळ्यात वर, ठळक अक्षरांत लिहावा; (२) त्यात तुलना, झडपा आणि संगीत आणू नये; (३) झाल्या प्रकाराबद्दल प्रत्येकाने दाजींची माफी मागावी. तिसऱ्या ठरावाची अंमलबजावणी बैठकीतच झाली. एकाने माफीचा मजकूर तयार केला, तो सर्वांनी उचलला, आणि पाच मिनिटांत दाजींना अकरा एकसारखी माफीपत्रे गेली. दाजींनी अकराही जणांना तत्काळ उत्तर दिले.

अंगठा.

त्यानंतर चिंतन बंद झाले. ही गोष्ट लोकांच्या लक्षात यायला किती काळ लागतो, याची मी कचेरीच्या शिस्तीने नोंद ठेवली. पहिल्या महिन्यात कुणाच्याच लक्षात आली नाही. सोळा जण सवयीने जुन्याच चिंतनाला रोज हात जोडत राहिले. एकेचाळिसाव्या दिवशी शिंप्याने दाजींना विचारले, पण त्याला शर्टाचे माप हवे होते, ओघात विचारले. मोठे काका परवाच एका बारशात भेटले. म्हणाले, "हल्ली फार खोल लिहायला लागलाय."

प्रत्यक्षात दाजी लिहितातच. फक्त ते आता एकालाच पाठवतात. लिफ्टवाला रविवारी येतो. त्याने इमारतीची लिफ्ट चालू करून दिली आणि व्हायोलिनची अडलेली जागाही, कारण त्याच्या मते दाजी तिथे घाई करतात. मीही मला पुन्हा यादीत घ्या म्हणून रीतसर अर्ज केला. दाजींनी तो बसल्या जागी पूर्ण वाचला, दोन शुद्धलेखनाच्या चुका काढल्या आणि म्हणाले, "पाठवणार नाही. रविवारी ये, वाचून दाखवतो. अंगठे घरी ठेवून ये."

तेव्हापासून मी जातो. चार मिनिटे ऐकायला अजून जड जातात. तिसऱ्या मिनिटाला मन कचेरीत जाऊन येते. पण प्रगती आहे.

ही सगळी हकीकत मी लिहून काढली आणि ओळखीच्यांना पाठवली. सात सेकंदांत पहिला प्रतिसाद आला: 'खरंय, हल्ली कुणी काही वाचतच नाही.' तुमचे मत त्याहून वेगळे नसणार. तुम्ही तर शेवटपर्यंत आलात, मान डोलावलीत, दोनतीन ठिकाणी हसलातही असाल, आणि आमच्या नातेवाइकांत आपण बसत नाही याचे तुम्हाला समाधान वाटत असेल. ते रास्त आहे. फक्त, दवाखान्यानंतर ताईचे पुढे काय झाले, हे मी वर कुठेही लिहिलेले नाही, आणि त्यावाचून तुमचे कुठे अडलेही नाही.

ती बरी आहे. विचारल्याबद्दल आभारी आहे.