पिठाची आंघोळ

मिठबावच्या समस्त ग्रामस्थांना, सुट्टीवर आलेल्या चाकरमान्यांना, आणि ज्यांच्या घरी रविवारी मटण शिजतं अशा तमाम कुटुंबांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आमचे शेजारी श्री. तातू पाटकर यांच्या न्हाणीघरात गेले आठ महिने खुद्द पाटकरांपेक्षा गव्हाचं पीठ जास्त वेळा आंघोळ करत आहे. तरी कोणीही घाबरून जाऊ नये.

मी मात्र घाबरले होते.

माझी पिठाची गिरण आहे. माहेर घाटावरचं, त्यामुळे गावात मला तोंडावर ‘गिरणवैनी’ म्हणतात आणि मी पाठ फिरवली की ‘घाटीण’. गिरणीवर बसलं की घराघराचं पोट कळतं. कोणाकडे पाहुणे उतरलेत, कोणाकडे वड्यांचं पीठ दळलं जातंय म्हणजे कुठल्या कोंबडीचे दिवस भरलेत, सगळं. आमचा गाव भात खाणारा. गहू दळायला येतो तो बेताचाच. अशा गावात घरात दोनच माणसं असलेला एक निवृत्त गृहस्थ आठवड्यातून दोनदा गव्हाचा डबा घेऊन यायला लागला, तर गिरणवालीने काय समजायचं?

“भावजी, पाहुणे आलेत का हो?”

“नाय.”

“मग एवढ्या चपात्या कोण खातं?”

“चपाती कोण करता?” असं म्हणून तातूभावजी रस्त्याकडे बघत, मग माझ्या जात्याकडे बघत, आणि आवाज खाली आणून म्हणत, “निरीक्षण चालू आसा, वैनी. अनुमान मागसून.”

हे त्यांचं पालुपद. हायस्कुलाच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं ते परिचर होते. परीक्षानळ्या धुतल्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, मुलांनी ॲसिड सांडलं की पहिले धावले. नोकरी संपली, पण धास्ती संपली नाही. त्यांच्या स्वयंपाकघरात साखरेच्या डब्यावर ‘साखर – विद्राव्य’ अशी चिठ्ठी आहे आणि कोकमाच्या बरणीवर ‘आम्ल – जपून’. गॅस बंद केल्यावर ते तीनदा हुंगतात. परड्यातल्या माडाखालून जाताना डोक्यावर पाट धरतात. आणि दोन वर्षांपूर्वी छातीत कळ येऊन इस्पितळात जाऊन आल्यापासून, समोरच्याशी बोलता बोलता स्वतःचं मनगट धरून नाडी मोजतात. आपलं बोलणं लांबलं तर आकडा सांगतात. “वैनी, अठ्ठ्याऐंशी झाली. आवरता घे.”

त्याच आजारपणानंतर त्यांना आणखी एक खोड लागली. जेवताना ते भिंतीकडे तोंड करून बसतात. पाट भिंतीला टेकवायचा, ताट भिंतीला लावायचं, आणि शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखं मान खाली घालून जेवायचं. गावात यावर दोन मतं होती. एक, त्यांना नजर लागण्याची भीती वाटते. दोन, डोक्यावर परिणाम. माझं मत दुसऱ्याकडे झुकत होतं.

तर आता न्हाणीघर. त्यांच्या न्हाणीचं पाणी माझ्या परड्यातून वाहत जातं. एका सकाळी कपडे वाळत घालताना बघते तो पाणी पांढरं! दुधासारखं दाट पांढरं, माझ्या अळवाच्या मुळाशी साचलेलं. म्हटलं, या माणसाने प्रयोगशाळेतलं काहीतरी घरी आणलंय, आणि उद्या आपण अळूवडी खाऊन आडवे. तशीच तरातरा गेले. त्यांची बायको, शालूताई, सकाळी बचत गटात काजू फोडायला जाते, त्यामुळे घरात हे एकटेच. न्हाणीचं दार ढकललं तर आत तातूभावजी पाटावर बसलेले, बनियनच्या बाह्या नसतानाही वर केल्याचा आव, आणि बादलीत बुडवून कणकेचा एक गोळा असे काही चोळत होते की पहिलटकरणीचं बाळ असावं!

“भावजी! हे काय?”

“दार लाव! दार लाव आधी!” त्यांनी ओल्या हाताने मनगट धरलं. “ब्याण्णव!”

आमच्या माहेरी कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढतात. चीक जपायचा, चोथा गुरांना घालायचा. हा माणूस पांढराशुभ्र चीक मोरीत सोडून देत होता आणि चोथ्याला कुरवाळत होता. माझा जीव तुटला.

“अहो, चीक वाहून चाललाय सगळा!”

“जावंदे गो. माका व्हया ता मागे रवता.”

मागे राहिलं होतं ते त्यांनी उचलून दाखवलं. पिवळट, चिवट, ओढलं तर ताणणारं आणि सोडलं तर परत गोळा होणारं. हे त्यांनी फोनवर कुठल्याशा परदेशी बाईच्या चित्रफितीत पाहिलं होतं. भाषा कळली नाही, पण हात कळले. घट्ट कणीक मळायची, तासभर पाण्यात बुडवून ठेवायची, मग पाणी बदलत बदलत धुवायची. पाणी नितळ आलं की उरतो तो गव्हाचा चिवटपणा. तो मसाल्याच्या पाण्यात उकडायचा, कापायचा, परतायचा. मग तो दिसतो मटणासारखा, तुटतो मटणासारखा, लागतो मटणासारखा.

“शिवराक मटाण!” ते कुजबुजले. आमच्याकडे मासळी-मटण म्हणजे वशाट, आणि त्याविनाचं सगळं शिवराक. दोन्ही शब्द एका ताटात येत नाहीत. तातूभावजींनी ते एका बादलीत आणले होते.

त्या दिवसापासून मी गुपितात सामील झाले. काय काय पाहिलं म्हणून सांगू! पहिला प्रयोग चपलेच्या टाचेसारखा झाला. दुसरा कुकरमध्ये इतका फुगला की झाकण उघडेना. भावजी अंगणात जाऊन उभे राहिले आणि मला आतून ओरडायला लावलं, “फुटला काय? फुटला काय?” तिसरा आमच्या चंपी कुत्रीने पळवला. तिने तो खाल्ला नाही. दोन दिवस चेंडू म्हणून खेळली. चौथ्याला पीळ घालून गाठ मारली, तेव्हा कुठे आत मांसासारखे धागे पडले. प्रत्येक प्रयोग ते जुन्या प्रयोगवहीत लिहीत. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. सगळं सुवाच्य. फक्त वरची एक ओळ कायम कोरी. ‘उद्देश’.

“भावजी, उद्देश लिहायचा राहिला.”

“रवंदे.”

“परीक्षक मार्क कापेल.”

ते हसले नाहीत. वही मिटून मांडीवर ठेवली. आणि मग गावाला माहीत असलेली, पण मी कधी नीट न ऐकलेली गोष्ट त्यांनी सांगितली. त्यांना इस्पितळात नेलं त्या दिवशी शालूताई गाडीत बसली नव्हती. ती वेशीवरच्या राखणदार देवाकडे धावत गेली आणि तिथे गाऱ्हाणं घातलं: ह्येंका बरे कर म्हाराजा, मी जल्मभर वशाट तोंडात घालूचंय नाय. सोबतच्या बायांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं. भावजी बरे झाले.

आता शालूताई म्हणजे कोण? पंचक्रोशीत तिच्या हातचं मटण खाऊन माणसं गप्प होत. आणि तिचं स्वतःचं खाणं! नळीचं हाड ती ताटलीवर आपटून आतला मगज काढायची, तो ठक-ठक आवाज माझ्या गिरणीच्या पट्ट्यावरून ऐकू येई. नवस बोलल्यापासून ती स्वतः वरण-भात खाते, पण भावजींसाठी रोज बांगडे तळते, रविवारी मटण करते. चव न घेता, अंदाजाने मीठ घालते.

“माका वाढता आणि समोर बसान बघता,” भावजी म्हणाले. “तिच्या समोर कसो खांव, वैनी? घास उतरणा नाय. म्हणान भिंतीकडे बसतंय.”

“मग सोडून द्या की तुम्हीही.”

“सोडलंय तर तिका वाटात, नवस फुकट गेलो.” नाडी धरायला हात गेला आणि मध्येच थांबला. “आणि ह्यां बनयलंय, तर आता नवी भीती. मटणासारख्या लागला, तर नवस मोडलो काय? देव चव बघता, की गहू?”

गिरणवालीच्या मते देव गहूच बघतो. पण जीव त्यांचा होता.

काजूचं काम बंद असलेल्या रविवारी त्यांनी जाहीर केलं, “आज जेवण माजा.” मला साक्षीदार म्हणून बोलावलं. भाजलेल्या खोबऱ्याचं वाटप, घरचा मालवणी मसाला, काळपट लाल रस्सा, वर तेलाचा तवंग. वासाने मी दारातच थबकले. शालूताई पाटावर बसली होती, पदर नाकाला.

“मटाण केलात? माज्या ताटात?”

“शिवराक आसा गो. गव्हाचा.”

“गव्हाचा!” ती माझ्याकडे वळली. “गो सुमन, ह्येंका ताप इलो काय?”

“गव्हाचंच आहे. पीठ मी दळलंय,” मी छातीवर हात ठेवून सांगितलं.

तिने बारकासा तुकडा तोंडात घातला. एकदा चावला. दुसऱ्यांदा चावला. आणि थांबली.

काय सांगू तुम्हाला! डोळे एवढे झाले. गाल एका बाजूने फुगलेला. हात हवेत. तिने वाटीत पाहिलं, तर रश्शातून एक नळी वर आलेली! भावजींनी हौसेने शेवग्याच्या शेंगेचा तुकडा गव्हाच्या गोळ्यात खोचून हाड केलं होतं. मला आधी दाखवलं असतं तर मी त्यांचे हात बांधले असते. शालूताईने त्या नळीकडे बोट दाखवलं, मग भावजींच्या छातीकडे, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

तिला वाटलं, दोन वर्षं आपल्याला वरण-भातावर बघून नवऱ्याला राहवलं नाही, आणि त्याने फसवून खरं मटण भरवलं. घास गिळला तर हा मरणार. थुंकला तर, तोंडात गेलं ते गेलंच. म्हणून ती तो घास नुसता गालात धरून बसली.

“शेंग गो ती, शेवग्याची!” भावजींनी नळी मोडून गर दाखवला. तिने मान हलवली आणि गालावर बोट ठेवलं. म्हणजे, आणि ह्यां?

“गहू! गहू तो!”

मान पुन्हा नाही. मग तिने झेप घालून त्यांचं मनगट पकडलं आणि नाडी धरून बसली. दोन वर्षं ते स्वतः मोजत. त्या दिवशी ती मोजत होती. तोंड मिटलेलं, ओठ मात्र आकड्यांबरोबर हलत होते.

भावजी पांढरेफटक. पण माणूस संकटात आपल्या धंद्यावर येतो. “वैनी, बादली!” ते ओरडले. नशीब, पुढच्या प्रयोगाची कणीक सकाळपासून पाण्यात बुडवलेली होती. मी बादली ओढत सोप्यावर आणली. एक मनगट बायकोच्या मुठीत, त्यामुळे भावजी एकाच हाताने पीठ चोळायला लागले आणि मी तांब्यातांब्याने पाणी ओतायला लागले.

“निरीक्षण कर, शालू. ही कणीक. ह्या पाणी. हयसर बकरो खंय आसा? बघ.”

पहिलं पाणी दुधासारखं. ओतलं. दुसरं ताकासारखं. ओतलं. मी चार वेळा विहिरीवर जाऊन आले. भावजींच्या कपाळावरून घाम, शालूताईचा गाल तसाच टम्म. मला मनातून एवढी भीती वाटत होती की मी मोठमोठ्याने बोलत सुटले, “शालूताई, नाकाने श्वास घे हं! गिळू नकोस, पण गुदमरूही नकोस!” तिने माझ्याकडे असं पाहिलं की तोंड रिकामं असतं तर ‘शिरा पडो तुज्या तोंडार’ नक्की ऐकलं असतं.

पाऊण तासाने पाणी नितळ आलं. भावजींच्या तळहातावर तो पिवळट चिवट गोळा राहिला. त्यांनी तो तिच्यापुढे धरला. तिने एका बोटाने दाबला. तो दबला आणि परत वर आला. तिने ओढला, तर धागे निघाले. तिने वाटीतला एक तुकडा उचलून फाडला, हातातल्या गोळ्याशेजारी धरला. तसेच धागे. दोन्ही हुंगले. तरीही मनगट सोडलं नाही.

मग तिने डोळे मिटले आणि चावायला लागली. हळू. एकदा, दोनदा, कितीतरी वेळा. गिळलं.

तिने नाडी मोजली. अजून चालू होती. पुन्हा मोजली.

भावजींनी मोकळ्या हाताने प्रयोगवही ओढली, पेन्सिल काढली आणि ‘अनुमान’ लिहिलेल्या ओळीवर टेकवली. मी म्हटलं, आता ही बाई मिठाला नाव ठेवणार, मसाल्याला नाव ठेवणार, निदान मला तरी दोन शिव्या घालणार.

शालूताईने वाटी पुढे ओढली. नळीचा तुकडा उचलला. ताटलीवर आपटायला हात वर नेला आणि तसाच थांबवून नवऱ्याकडे बघत एकदम म्हणाली,

“मगे आता माज्याकडे तोंड करून जेवशात मां?”