नानाच्या विमानाची काच

देवरे नाना विमानाची काच रंगवायला बसला की पंचवटीतल्या आमच्या अख्ख्या मजल्यावर फोडणी बंद. कायदाच होता तसा. तेलाची वाफ उडते आणि ओल्या रंगावर बसते म्हणे. कुणाकडे जिरं तडतडलं की नाना हातात ब्रश घेऊन गॅलरीत. एरवी बोलायचा सरळ, पण रागावला की देवळ्याकडची अहिराणी बाहेर पडायची. "कोन शे रे ते, फोडनी दी राहिनं?"

"मी शे!" माझी बायको सुमन आतून ओरडायची. तिला अहिराणी तेवढीच यायची. "तुमचं विमान उडेल तेव्हा उडेल भाऊजी. आम्ही वरण काय तसंच गिळू?"

"वहिनी, फक्त अर्धा तास."

"सकाळपासून अर्धाच तास चाललाय तुमचा!"

विमान म्हणजे खरं नव्हे. वीतभर, प्लास्टिकचं. ही नव्वद सालाच्या पुढची गोष्ट. नाना शहराबाहेरच्या विमान कारखान्यात स्टोअरला होता. जन्मभर नट, बोल्ट, वायसर काढून दिले, विमानाला हात लावायची पाळी कधी आली नाही. रिटायर झाला आणि घरी विमानं जोडायला लागला. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे अडवायला कुणी नव्हतं.

बाकीचं विमान तो चटकन रंगवायचा. काचेला मात्र महिना. पायलटच्या डोक्यावर पारदर्शक टोपी असते ना, ती. अंगठ्याएवढी. तिच्यावर चौकटीच्या बारीक पट्ट्या असतात. काच राखायची तिथं चिकटपट्टी लावायची, ब्लेडनं कापायची आणि उरलेल्या फटीत रंग भरायचा. त्यातही आधी विमानाच्या पोटात आतून असतो तो हिरवा रंग, तो वाळला की वरून बाहेरचा.

मी म्हटलं, "नाना, पहिला रंग झाकूनच जातो. मग लावतोस कशाला?"

"आत बसलेल्याला दिसतो."

"आत कोण बसलंय?"

"बसला तर?"

अशा माणसाशी काय बोलणार! पट्टी मारताना स्वतः श्वास धरायचा आणि समोरच्यालाही धरायला लावायचा. "आप्पा, नाक बंद!" मी भाजीबाजारात गाळा चालवणारा, शाळा चौथीत सुटलेली. तिथं नाक धरून उभा राहायचो. काचेला ओरखडा आला तर तो टूथपेस्टनं घासून काढायचा आणि स्वतःचे दात मिशरीनं घासायचा. सुमन म्हणायची, "भाऊजी बोळके होतील, पण विमानाचे दात शाबूत राहणार."

पण काच अशी व्हायची की बघत राहावं. रेघ कुठं जाड नाही, कुठं हललेली नाही. मी मेथीच्या जुड्या बांधता बांधता गिऱ्हाइकांना सांगायचो, आमच्या शेजारचा नाना बघा एकदा. दोघा-तिघांना तर ओढून घरी आणलं.

मग सुमन गेली. छातीचं दुखणं. थंडीत पडली, उन्हाळा बघितला नाही. जास्त लिहीत नाही, जमत नाही.

त्याच वर्षी शहरातल्या एका हॉलमध्ये अशा छोट्या विमानांचं प्रदर्शन ठरलं. नानाचं विमान घेतलं. कारखान्यातले त्याचे जुने साहेब बघायला येणार होते. नाना म्हणाला, "आप्पा, साहेबांनी मला कायम खोक्यांच्या मागं बघितलंय. एकदा विमानाशेजारी बघू दे."

आदल्या दिवशी घोळ झाला. काचेवरची धूळ पुसायला साबणाचं पाणी घ्यायचं, तर घाईत यानं थिनरची बाटली घेतली. काच दुधासारखी पांढरी पडली. आता एका रात्रीत नवी काच करणं आलं.

नानानं मिठाईच्या खोक्याचं पारदर्शक झाकण कापून बघितलं, ते मऊ. शर्टाच्या डब्याचं बघितलं, ते पिवळं. त्याला लागायचा एक्स-रे. भंगारातले जुने एक्स-रे आणून तो सोड्याच्या पाण्यात धुवायचा. काळं निघून जायचं आणि स्वच्छ, टणक प्लास्टिक उरायचं. नेमकं त्या दिवशी भंगारवाल्याला कुलूप.

मी घरी गेलो. सुमनचा छातीचा एक्स-रे दवाखान्याच्या पाकिटात कपाटावर होता. तो नेऊन दिला.

"धू," म्हटलं. "औषधांबरोबर टाकायचाच होता."

"नक्की?"

"प्लास्टिक आहे नाना ते. बायको नाही."

संध्याकाळी बघायला गेलो. घमेल्यात सोड्याचं पाणी तयार. एक्स-रे मात्र कोरडाच, खिडकीच्या उजेडाला टेकवलेला.

"अरे, वेळ बघ की! रंगवणार कधी?"

"इकडे ये. हे काय आहे?"

फासळ्यांच्या वर, मानेच्या जवळ, दोन बारीक पांढरे गोल होते. शेजारी शेजारी.

मी ओळखलं. एक्स-रे काढणारा माणूस सुमनला मंगळसूत्र काढा, काढा म्हणून दमला होता. ती म्हणाली, माझा नवरा धडधडीत बाहेर बाकावर बसलाय, काढू कशाला? शेवटी त्यानं कुरकुरत तसाच काढला. नंतर डॉक्टरांनी तो धरून दाखवला तेव्हा मी नुसता डाग बघत होतो. या वाट्या माझ्या नजरेला आल्याच नव्हत्या.

"मी नाही धुणार," नाना म्हणाला.

"उद्या साहेब येणारेत तुझे."

"येऊ देत."

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये नानाचं विमान उघड्या डोक्यानं उभं. साहेब वाकले. "देवरे, काच कुठंय याची?"

रंगात एक केस अडकला म्हणून सगळी काच खरवडून पुन्हा करणारा हा माणूस. तो म्हणाला, "राहिली साहेब. आळस केला."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यानं माझं मनगट दाबलं. साहेब पुढच्या टेबलाकडे गेले. हॉलमध्ये लोकांची एकाहून एक विमानं होती, पण त्या दिवशी माझ्याएवढी छाती कुणाची फुगली नसेल.

तो एक्स-रे आता माझ्या खिडकीत आहे. नानानं त्याला चारही बाजूंनी हिरवी किनार रंगवून दिलीय. पाहुणे विचारतात, आप्पा, हे काय लावलंय? मी सांगतो, ही आमची मंडळी. आणि किनार आमच्या नानाच्या हातची. जवळ येऊन बघा, कुठं रेघ हललीय का.