दोन मिनिटं, डोळे मिटून

चेहऱ्याला साबण लावला की डोळे मिटावे लागतात, आणि डोळे मिटले की मनोरा पडायचा. पडायचा तोही नेहमी डावीकडेच. त्या दिवशी सकाळी डावीकडे टॉवेलची दांडी होती. मनोऱ्याने ती घट्ट धरली, भिंतीतून उपटली आणि तिच्यासकट तो बादलीवर जाऊन बसला.

"आज काय तोडलंत?" बायकोने बाहेरून विचारलं. आवाजात काळजी नव्हती, नुसती चौकशी होती.

"दांडी."

"बरं झालं. नळाच्या माणसाला बोलवायचंच होतं, येताना खिळेही घेऊन ये म्हणते."

मनोरा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. काचसामानाच्या एका मोठ्या दुकानात तो विक्रेता होता. उंचीने सगळ्यांच्या वर आणि गेल्या काही महिन्यांपासून कंबरेतून डावीकडे कललेला, त्यामुळे दुकानातल्या मंडळींना नाव शोधायला फार डोकं चालवावं लागलं नाही. कंबरेत कुठेतरी शीर दबली होती. तिथून निघालेली कळ उजव्या पायातून थेट अंगठ्यापर्यंत सणकत जायची, आणि तिच्यापासून जमेल तितकं लांब राहण्यासाठी त्याचं शरीर डावीकडे सरकायचं.

व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने त्याला एकदा डोळे मिटून उभं केलं होतं. तो तिच्या टेबलावर आडवा झाल्यावर ती म्हणाली, "काका, तुमच्या पायाचा निरोप मेंदूला नीट पोचत नाहीये. सध्या सगळा तोल डोळ्यांवर चाललाय. व्यायामाने सुधारेल, पण तोवर आधाराशिवाय डोळे मिटायचे नाहीत. आणि जड तर अजिबात उचलायचं नाही."

खरी पंचाईत इथेच होती. दुकानात प्रत्येक विक्रेत्याला तळघरातून काचसामानाची खोकी वर आणावी लागत. ती न उचलण्याचा मान फक्त दालनप्रमुखाला होता. ती जागा नुकतीच रिकामी झाली होती, आणि मालकीणबाई आज नाव जाहीर करणार होत्या. नावं दोनच होती. एक मनोरा आणि दुसरा भेटवस्तूंच्या विभागातला ठोकळा. ठोकळा बुटका, रुंद आणि जमिनीत पुरल्यासारखा भक्कम होता.

"कंबर गेलेल्या माणसाला प्रमुख कोण करणार?" बूट घालून घेता घेता मनोरा म्हणाला. बूट अर्थातच बायको घालत होती. "आणि प्रमुख झालो नाही, तर खोकी उचलून उरलीसुरली कंबरही जाणार."

"मग आज ताठ उभे राहा."

"राहतो ना."

"आणि डोळे उघडे ठेवा म्हणजे झालं. दुकानात कोण तुम्हाला डोळे मिटायला सांगतंय?"

दुकानात पाऊल टाकताच ठोकळा सामोरा आला. चेहरा लांब आणि आवाज खाली.

"मनोऱ्या, थोरले मालक गेले."

थोरले मालक म्हणजे मालकीणबाईंचे वडील. नव्वदी कधीच ओलांडलेले, आणि दुकानातल्या कुणीही त्यांना कित्येक वर्षांत पाहिलेलं नव्हतं. मनोऱ्याला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर ते पुढचं वाक्य ऐकल्यावर.

"आत्ता सगळ्यांनी मिळून श्रद्धांजली. दोन मिनिटं उभं राहायचं, डोळे मिटून."

जागा आखायचं काम ठोकळ्याने आपणहून अंगावर घेतलं होतं, म्हणजे मालकीणबाईंच्या डोळ्यांत भरता येईल. त्याने माणसं ओळींत लावली. मनोऱ्याला पहिल्या ओळीच्या टोकाला उभं केलं आणि स्वतः त्याच्या उजवीकडे राहिला. डावीकडे पेल्यांचा डोंगर होता. एकावर एक सहा थर, सगळ्यात वर थोरल्या मालकांचा फोटो, आणि पुढे मूठभर फुलं. मालकीणबाई फोटोसमोर उभ्या होत्या.

"मी जरा मागे उभा राहू का?" मनोऱ्याने विचारलं.

"मागे उभा राहिलास तर ओळ वाकडी होईल ना! गप उभा राहा. वेळ मी बघतोय." ठोकळ्याने डाव्या मनगटावरचं घड्याळ दाखवलं. "सुरू!"

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. मनोऱ्याने मान खाली घातली, पण डोळे सताड उघडे ठेवले. सगळं छान चाललं होतं. तेवढ्यात नातेवाइकांना पाठवायला फोटो काढणारा छायाचित्रकार चवड्यांवर चालत त्याच्यासमोर आला.

"काका, डोळे मिटा ना," तो कुजबुजला. "तुम्ही एकटेच बघताय. बरं नाही दिसत."

मनोऱ्याने अर्धा तोडगा काढला. छायाचित्रकार उजवीकडे होता, म्हणून त्याने उजवा डोळा मिटला. तो थोडासाच डुलला. छायाचित्रकार डावीकडे सरकला. मनोऱ्याने डावा मिटून उजवा उघडायचं ठरवलं, पण उघडायच्या आधी मिटला गेला, आणि त्या क्षणभरात तो पेल्यांच्या दिशेने निघाला. पेले दिसताच त्याने जीव खाऊन अंग उजवीकडे झोकलं. सगळा भार उजव्या पायावर आला, कंबरेपासून अंगठ्यापर्यंत वीज चमकून गेली, गुडघा वाकला, आणि "आई गं!" असा टाहो फोडत मनोरा ठोकळ्याच्या गळ्यात पडला.

ठोकळा तसूभरही हलला नाही. तेवढ्यासाठी त्याचं कौतुक केलंच पाहिजे.

पण तो टाहो शांततेत सगळ्यांनी ऐकला. डोळे मिटलेले असल्याने ओळीतल्या कोणी पाहिलं काहीच नाही. मागच्या ओळीतल्या बिलं करणाऱ्या बाईंना वाटलं, केवढी ही माया! त्यांनी हुंदका दिला. तो ऐकून खोकी बांधणारे दोघे मुसमुसू लागले, आणि पाहता पाहता ज्यांनी थोरल्या मालकांचं तोंडही पाहिलं नव्हतं ते सगळे ढसाढसा रडायला लागले.

"मनोऱ्या, सोड," ठोकळा दातांतल्या दातांत म्हणाला.

"सोडलं तर पडेन."

"मग पड!"

"डावीकडे पेले आहेत."

"मग उजवीकडे पड!"

"उजवीकडे पडता येत नाही रे. शीर दबलीय."

"काय दबलंय?"

"शीर. कंबरेतली. पण कोणाला सांगू नकोस हां."

प्रतिस्पर्ध्याच्या गळ्यात पडून आपणच आपली कंबर उघडी केली, हे मनोऱ्याच्या जरा उशिराच लक्षात आलं. पण ठोकळ्याला या बातमीचा आनंद घ्यायला सवड नव्हती.

"मनोऱ्या, दोन मिनिटं होऊन गेली असतील. माझा हात तुझ्या बगलेत आहे. घड्याळ त्या हातात आहे."

"मग नुसतंच 'झालं' म्हण."

"आणि आधीच म्हटलं असं निघालं तर? बाईंच्या वडिलांची वेळ मी कापली असं होईल ना!"

म्हणून शांतता, रडण्यासकट, चालूच राहिली. दार उघडं होतं. पाण्याचा तडकलेला जग बदलून घ्यायला आलेले एक गृहस्थ आत आले, सगळं दुकान रडतंय हे पाहून जागीच थबकले, आणि जग छातीशी धरून मान खाली घालून उभे राहिले. त्यांच्या मागून आणखी काही जण आले. कोण गेलं हे विचारायचीही सोय नव्हती, म्हणून तेही उभे राहिले. रांग पायऱ्या उतरून फुटपाथवर गेली. तिथून जाणारा टपालवाला सायकलवरून उतरला आणि त्याने डोक्यावरची टोपी काढली.

"पुरे," शेवटी मालकीणबाईच म्हणाल्या. "तुम्ही दोघं माझ्या खोलीत या."

खोलीत शिरायच्या आधीच ठोकळ्याने तोंड उघडलं. "बाई, हा रडत नव्हता! याची शीर दबलीय. डोळे मिटले की हा पडतो. असा माणूस दालन काय सांभाळणार?"

तळघराच्या पायऱ्या आणि त्यावरून वर येणारी खोकी मनोऱ्याच्या डोळ्यांपुढे एकेक करून येऊ लागली.

"तुम्हाला कसं कळलं?" बाईंनी ठोकळ्याला विचारलं.

"त्यानेच सांगितलं."

"मला त्याआधीच कळलं होतं. मी बघत होते." बाई खुर्चीत बसल्या. बसताना त्यांनी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली, आणि मनोऱ्याने ते बरोबर टिपलं. खुर्चीत असं कोण बसतं हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

"बाई, तुम्हीसुद्धा?" तो हळूच म्हणाला.

"चौथा-पाचवा मणका. दोन वर्षं झाली." बाईंनी दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "भावांना कळलं तर म्हणतील, हिला उभं राहवत नाही, ही दुकान काय चालवणार! म्हणून वडिलांसाठीसुद्धा डोळे मिटता आले नाहीत मला. पूर्ण वेळ फोटोकडे बघत उभी होते. तुम्ही कुठे पडता?"

"डावीकडे."

"मी उजवीकडे. दालनप्रमुख तुम्ही. प्रमुखाला खोकी उचलायची नसतात, आणि दुखणं लपवून गिऱ्हाइकाशी हसत कसं बोलायचं ते तुम्हाला येतंच."

आता मात्र मनोऱ्याला खरंच रडू आलं. ठोकळ्याचा चेहरा पडलेला पाहून बाई पुढे म्हणाल्या, "आणि तुमच्याशिवाय माझं चालायचं नाही. यापुढे दुकानाच्या प्रत्येक समारंभात तुम्ही मधोमध उभं राहायचं. आम्ही दोघं तुमच्या दोन बाजूंना. पगारही वाढेल. फक्त हलायचं नाही, आणि या खोलीतलं बाहेर बोलायचं नाही."

मधोमध! ठोकळा जागच्या जागी दोन बोटं उंच झाला. पुढच्याच महिन्यात दुकानाच्या नव्या मजल्याचं उद्घाटन झालं आणि वर्तमानपत्रात फोटो आला. मधे ठोकळा, छाती पुढे काढून. एका खांद्यावर मालकीणबाईंचा हात, दुसऱ्या खांद्यावर मनोऱ्याचा.

बायकोने चष्मा लावून फोटो नीट पाहिला.

"अहो, प्रमुख तुम्ही झालात ना? मग हा मधला कोण? सगळे याच्याच खांद्यावर हात टाकून उभे आहेत. फार मोठा माणूस दिसतो."

"मोठाच आहे," मनोरा म्हणाला. "त्याच्यावाचून आमचं पानसुद्धा हलत नाही. आम्ही मात्र पार आडवे होतो."