पॅसिफिक समुद्र खिडकीत आणिल्याची हकीकत

विदित व्हावे जे, आयडाहो प्रांती नॅम्पा शहरी टटल घराण्यात गेल्या उन्हाळी जी मोहीम जाहाली, तिजविषयी नातलगांत दोन तऱ्हेच्या वार्ता फिरतात. कोणी म्हणतात हार्लनरावांनी समुद्र जिंकिला, कोणी म्हणतात हार्लनराव समुद्रात बुडाले. दोन्ही पक्ष जेवणाच्या मेजावर चमचे आपटोन भांडतात आणि निवाडा होत नाही. म्हणोन जैसे घडले तैसे, पदरचे काही न घालता, येथे लिहोन ठेविले आहे. ज्यांस झोंबेल त्यांणी थंड पाणी प्यावे.

तर खासे हार्लनराव टटल, वय वर्षे बाहत्तर, शाळेच्या पिवळ्या बसची सुभेदारी एकोणतीस वर्षे करोन निवृत्त जाहालेले. त्यांचे पदरी चाकांवरील गढी एक, लांबी तीस फूट, उमर एकतीस वर्षे, जीस सामान्य लोक ट्रेलर म्हणतात. तीत शय्यागृह, संडास, मुदपाकखाना आणि कधी न लागणारा टीव्ही, ऐसा सर्व सरंजाम. दर उन्हाळ्यात रावांनी ती पिकअपला जोडावी आणि धरणावर कूच करावे, आणि मग तेथे आठ आठवडे गळ टाकोन पाण्याकडे बघत बसावे, आणि त्यास सुट्टी म्हणावे. ऐसा एकतीस वर्षांचा शिरस्ता.

परंतु फेब्रुवारी महिन्यात, बाहेर बर्फ पडत असता, राणीसाहेब व्हर्नाबाई यांणी कॉफीचा पेला मेजावर ठेविला, आणि तो ज्या प्रकारे ठेविला त्यावरोनच रावांनी ओळखावयास हवे होते. रावांनी ओळखले नाही.

"हार्लन, ऐक. एकतीस उन्हाळे तुझ्या त्या धरणावर काढले. मासे तू पकडलेस, भांडी मी घासली. आणि घासताना खिडकीतून काय बघितलं? गळाची गांडुळं विकणाऱ्या दुकानाची मागची भिंत. यंदा भांडी घासताना मला समोर समुद्र पाहिजे. तीन महिने."

"अगं, धरणाचं पाणीही पाणीच आहे की."

"मग तू जा धरणावर. मी आयोनकडे जाते स्पोकेनला. आणि तुझ्या बशा तू घास."

आयोन म्हणजे बाईसाहेबांची धाकटी भगिनी, जी गेली चाळीस वर्षे रावांविषयी "मी तुला तेव्हाच सांगितलं होतं" हे वाक्य तयार ठेवोन बसली आहे. ते नाव ऐकताच रावांचे तोंडचे पाणी पळाले, आणि त्याच क्षणी त्यांणी समुद्राची मसलत मुक्रर केली.

मग नकाशे पसरिले. मग ओरेगॉनच्या किनाऱ्यावरील तमाम तळांची, म्हणजे जेथे ऐशा गाड्या भाडे भरोन उभ्या करितात त्या जागांची, टेहळणी आरंभिली. फोनवर जासुदांचे, म्हणजे तेथे आधी राहोन गेलेल्यांचे, अहवाल वाचिले, तो एकाने लिहिले होते की अमुक तळ म्हणजे साक्षात स्वर्ग, आणि दुसऱ्याने त्याच तळास उकिरडा म्हटले होते, आणि दोघे एकाच रात्री तेथे राहिले होते. तिसऱ्याने फक्त बदके उद्धट आहेत एवढेच कळविले होते. रावांनी हे सर्व वहीत उतरोन घेतले, बदकांसुद्धा.

पहिला मोर्चा सरकारी तळावर लाविला. जागा उत्तम, झाडी दाट, परंतु सरकारचे फर्मान ऐसे की चौदा रात्रींवर एक रात्र राहू देणार नाही. चौदा रात्री राहावे, मग निघोन जावे, मग काही दिवसांनी परत याचना करावी. तीन महिन्यांचा उन्हाळा ऐसा तुकडे करोन खाण्यास बाईसाहेब राजी नव्हत्या. मोर्चा उठविला.

दुसरा मोर्चा एका खासगी तळावर, जेथे दारात कारंजे आणि कुत्र्यांस स्वतंत्र स्नानगृह. तेथील दस्तूर असा की दहा वर्षांहून जुनी गाडी आत घेणे नाही, सबब आधी तसबीर पाठवावी. रावांनी गढी धुतली, पुसली, आणि जी बाजू फारशी चेपलेली नव्हती तिची तसबीर सूर्यास्ताच्या सोनेरी उजेडात काढोन रवाना केली. उत्तर आले की गाडी फारच सुंदर आहे, कोणत्या सालची? रावांनी जुन्या काळच्या लाकडी कपाटांच्या टिकाऊपणावर चार पाने खलिता लिहिला. पुढे उत्तर आले नाही. येथे नमूद करणे भाग आहे की त्या तळावर दहा वर्षांहून जुने काही नको, परंतु सत्तर वर्षांची माणसे चालतात, कारण तीच भाडे भरतात.

तिसरा तळ ग्रे गल नामे, छोटा, वाऱ्याने झिजलेला. तेथील मालकीण ओपल क्रेब्स, आवाज खरजातला. तिने फोन स्वतः उचलिला.

"गाडी किती जुनी?"

"एकतीस." रावांनी डोळे मिटोन सांगितले.

"छप्पर गळतं?"

"नाही."

"नवरा-बायको एकमेकांवर ओरडता?"

"फक्त गाडी मागे घेताना."

"ते सगळेच ओरडतात. या."

ऐसा तळ फत्ते जाहाला. मग ओपलबाईंनी तळाचा नकाशा धाडिला, आणि रावांनी आलेखाचा कागद, पट्टी आणि तीन रंगांच्या पेन्सिली घेवोन तेरा दिवस त्यावर घालविले. विजेचा खांब कोठे, पाण्याचा नळ कोठे, मैल्याचे भोक कोठे, वारा कोणत्या दिशेचा, सर्व मोजिले. आणि रांगेतील अगदी शेवटची जागा निवडिली, जिच्या एका अंगास शेजारी आणि दुसऱ्या अंगास सबंध पॅसिफिक समुद्र. एवढा हिशेब जाहाला, परंतु भांडी घासायची खिडकी गढीच्या कोणत्या अंगास आहे, हे मात्र पाहावयाचे राहोन गेले. कारण एकतीस वर्षांत राव त्या खिडकीपाशी एकदाही उभे राहिले नव्हते.

जून महिन्यात कूच जाहाले. ओरेगॉनचे वाळवंट उल्लंघिले, डोंगर उल्लंघिले, दोन दिवसांनी सायंकाळचे सुमारास ग्रे गल तळावर स्वारी दाखल जाहाली. आणि आता गढी जागेत मागे मागे घालणे आले, जो या लोकांत थोर युद्धप्रसंग मानितात. नवी गाडी मागे येताना दिसली की तळावरील तमाम रयत घडीच्या खुर्च्या काढोन रस्त्याकडेला बसते, हाती बिअर किंवा लिंबू सरबत, आणि कोणी शब्द बोलत नाही. मृत्यूच्या प्रसंगीही इतकी माणसे वेळेवर येत नाहीत. सर्वांत पुढची खुर्ची शेजारी वेंडेल प्रुइट यांची. हे निवृत्त दंतवैद्य, यांची गाडी नवी कोरी चाळीस फुटी, पुढे हिरव्या नकली गवताचा गालिचा, त्यावर प्लास्टिकचे गुलाबी फ्लेमिंगो पक्षी सहा, आणि मांडीवर कुत्रे एक, जे सर्वांस तुच्छ लेखीत होते.

येथे एक गोष्ट जाणावी. शाळेच्या बसवाल्यांस पहिल्या दिवशीच ताकीद असते की काही जाहाले तरी बस मागे घ्यावयाची नाही, मागे पोरे असतात. म्हणजे ज्या पुरुषाने एकोणतीस वर्षे गाडी हाकिली, तो एकोणतीस वर्षे फक्त पुढेच गेला होता.

बाईसाहेब मागे उभ्या राहोन हातांनी खुणा करू लागल्या.

"डावीकडे! डावीकडे म्हटलं ना!"

"कुणाची डावी?"

"अंगठी आहे तो हात! तिकडे!"

"तू मला आरशात दिसतच नाहीस!"

"एकतीस वर्षं नाही दिसले, आज कुठली दिसायला!"

खुर्च्यांतून हशा पिकला. वेंडेलसाहेबांनी कुत्र्यास उचलोन धरिले, त्यास नीट दिसावे म्हणोन. सात हल्ले परतले, त्यात एक झुडूप आणि एक पाटी कामास आली. आठव्या हल्ल्यात गढी जागेत बसली. टाळ्या पडल्या. रावांनी घाम पुसला, गढी पातळीत आणिली, वीज जोडिली, पाणी जोडिले, मैल्याचा पाईप जोडिला, आणि छाती काढोन उभे राहिले. बाईसाहेब दोन पेले विसळावयास आत गेल्या.

आतून पाण्याचा आवाज आला. मग आवाज थांबला. मग त्या पायरीवर आल्या, तो खांद्यास पर्स.

"हार्लन, समुद्र मिळाला."

"मिळणारच! तेरा दिवस—"

"संडासात."

रावांनी आत जावोन पाहिले, आणि खरेच तसे होते. संडासातील वीतभर झरोक्यातून पॅसिफिक समुद्र लखलखत होता, सूर्य त्यात उतरत होता, ऐसी शोभा की वर्णन करवत नाही. आणि भांडी घासायच्या खिडकीतून वेंडेलसाहेबांचा मैल्याचा पाईप दिसत होता, आणि पाईपाशेजारी ते कुत्रे, तंगडी वर करोन.

"स्पोकेनची बस उद्या किती वाजता आहे?" बाईसाहेबांनी विचारिले. ओरडल्या असत्या तर बरे होते. त्या ओरडल्या नाहीत. पिकअपमध्ये जावोन बसल्या, पर्स मांडीवर, दार लावोन.

तेव्हा हार्लनराव गढीस तीन प्रदक्षिणा घालते जाहाले, आणि तिसऱ्या प्रदक्षिणेत त्यांस उमगले की गढी उलटी फिरविल्यास, म्हणजे मागे न घेता नाकासमोर आत घातल्यास, खिडकी आपसूक समुद्राकडे येते. परंतु तसे करिता पिकअप आतल्या टोकास कोंडेल, तो बाहेर काढावयाचा तर वेंडेलसाहेबांच्या गालिच्यावरोन. आणि मैल्याचे भोक पडेल भलत्या बाजूस. ओपलबाईंस विचारिता त्या म्हणाल्या, "माझ्याकडे सगळे मागूनच लावतात. पण पाईप पोचला आणि शेजारी रडला नाही, तर माझं काय जातंय?"

आणि वीस फुटी जादा पाईप तमाम तळावर एकाच पुरुषापाशी होता. तोच तो, ज्याचा गालिचा.

रावांनी तहाचे बोलणे लाविले. सोबत नजराणा म्हणोन बाईसाहेबांनी घरून भाजोन आणिलेला हकलबेरीचा 'पाय', म्हणजे पिठाच्या पारीत फळे भरोन केलेले गोड पक्वान्न, नेला. हकलबेरी म्हणजे करवंदाएवढे जांभळे रानफळ, डोंगरातच होते, शेतात लाविल्याने होत नाही. वेंडेलसाहेबांनी एक घास घेतला आणि डोळे मिटिले. दुसरा घास घेतला आणि चमचा खाली ठेविला.

"पाईप घ्या. गालिच्यावरून गाडी न्या. फक्त एवढं सांगा, ही कुठे मिळतात?"

राव पांढरे पडले. कारण आयडाहोत हकलबेरीची जागा कोणी कोणास सांगत नाही. बँकेचा आकडा सांगतील, शस्त्रक्रियेचा व्रण काढोन दाखवितील, परंतु जागा नाही. टटलांची जागा रावांच्या वडिलांनी रावांस दाखविली, आणि रावांनी सख्ख्या जावयासही दाखविली नाही, त्याने विचारिले तर त्यास भलत्याच डोंगरावर धाडिला, आणि तो बिचारा तेथे दोन दिवस हिंडोन गोचिड्या घेवोन आला.

"दुसरं काही मागा," राव म्हणाले.

"दुसरं माझ्याकडे सगळं आहे," दंतवैद्य म्हणाले, आणि ते खरेच होते.

रावांनी पिकअपकडे पाहिले. काचेमागे बाईसाहेब समोर बघत होत्या, आणि समोर काही नव्हते, एक कचऱ्याची पेटी होती. मग रावांनी कागदी बशी मागितली, पेन मागितले, आणि बशीच्या पाठीवर नकाशा काढिला. हा रस्ता, हा ओढा, वीज पडोन चिरलेला हा देवदार, तेथोन शंभर पावले चढावर. खोटी रेघ एकही मारिली नाही. बाईसाहेबांनी काचेतून ती बशी पाहिली, आणि काय चालले आहे ते ओळखिले, आणि पर्स मांडीवरोन पायापाशी ठेविली.

दुसरे दिवशी सकाळी रयत पुन्हा खुर्च्या घेवोन जमली. परंतु या वेळी राव गढी बाहेर काढोन, तळास वळसा घालोन नाकासमोर निघाले, आणि एकाच दमात, आरशात न पाहता, तीस फूट गढी जागेत ऐसी घातली की म्यानात तलवार. रयत फार निराश जाहाली, आणि अर्धे सरबत तसेच टाकोन घरी गेली. मग पिकअप गालिच्यावरोन बाहेर काढिला, त्यात फ्लेमिंगो एक ठार, दोन जखमी. जादा पाईप गढीच्या पोटाखालून नेला, तो भोकापर्यंत पोचला, वर चार बोटे उरला. आणि खिडकी समुद्राकडे जाहाली.

आणि मग धुके आले.

पॅसिफिकच्या काठी उन्हाळ्यात धुके येते हे पोरासही ठावे, परंतु तेरा दिवसांच्या आलेखात ते कोठे बसले नव्हते. एक दिवस धुके, दोन दिवस धुके, नऊ दिवस खिडकीबाहेर नुसते पांढरे. चौथे दिवशी रावांनी हिंमत केली.

"आहे तो तिथेच. ऐकू येतोय ना?"

"ऐकू रेडिओही येतो," बाईसाहेब म्हणाल्या. नंतर रावांनी हवामानाविषयी बोलणे सोडोन दिले.

दहावे दिवशी, दुपारचे जेवण जाहाल्यावर, बाईसाहेब पेला घासत असता धुके उचलले. आधी लाटांची पांढरी रेघ, मग निळे, मग सबंध समुद्र, क्षितिजापर्यंत, खिडकीच्या या चौकटीपासोन त्या चौकटीपर्यंत. बाईसाहेबांनी कोणास हाक मारिली नाही. तोच पेला त्यांणी इतका वेळ घासला की त्यावरील फुलांची नक्षी फिकट जाहाली. राव मागे उभे होते.

मग बाईसाहेबांनी नळ बंद केला. हात पुसले. एप्रन काढिला आणि रावांच्या गळ्यात घातला.

"बाकीची तू घास. मी बाहेर खुर्चीवर बसते."

"अगं, पण एवढी खिडकी—"

"छान आहे खिडकी. उभा राहा आणि बघ."

"पण दार तर पहिल्यांदा समुद्राकडेच होतं! तसंच ठेवलं असतं तर तू दारातच—"

"तसंच ठेवलं असतं," बाईसाहेब टोपी घालीत म्हणाल्या, "तर बाहेर तू बसला असतास."

यावर कोणापाशी उत्तर असल्यास त्याने कळवावे.

येणेप्रमाणे मोहीम सिद्धीस गेली. कामास आले ते झुडूप एक, पाटी एक, फ्लेमिंगो एक आणि घराण्याचे गुपित एक. हस्तगत जाहाला तो पॅसिफिक महासागर, ऑगस्टअखेरपर्यंत. त्या मुलखाचा उपभोग व्हर्नाबाईसाहेबांकडे, आणि खिडकीची किल्लेदारी, दोन वेळच्या भांड्यांसह, हार्लनराव टटल यांस बहाल जाहाली. ती त्यांणी उन्हाळाभर चोख बजाविली. खिडकीतून त्यांस समुद्र दिसे, आणि समुद्राच्या ऐन मध्यभागी बाईसाहेबांची टोपी, आणि ती टोपी एकदाही मागे वळली नाही.