डॉक्टरीणबाईंचं मुकं व्हायोलिन

डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा व्हायोलिन हनुवटीखाली धरलं, तेव्हा समोर बसलेल्या नवऱ्याच्या दोन्ही कानांत कापूस होता. कापूसही त्यांच्याच दवाखान्यातला. दाढ काढल्यावर पेशंटला चावून धरायला देतात तो.

"काढा तो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"काय?"

"कापूस काढा!"

"ऐकू येत नाही गं. कापूस घातलाय."

डॉक्टरीणबाई दातांच्या डॉक्टर. नवरा बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेला. बँक सुटली तरी मॅनेजरपण सुटलं नव्हतं, म्हणून अख्खी इमारत त्यांना साहेब म्हणायची. साहेबांना शांतता प्रिय होती. मिक्सर लावायचा तर आधी त्यांच्या कानावर घालावं लागे, मग तो त्यांच्या कानावर पडे. अशा माणसाच्या घरात बाईंनी व्हायोलिन आणलं होतं.

"या वयात?" साहेबांनी विचारलं होतं.

"याच वयात. जन्मभर लोकांना 'आ' करायला लावलं. आता आवाज मी काढणार, आणि लोकांनी गप्प बसून ऐकायचं."

शब्दाने शब्द वाढला आणि साहेबांनी अट घातली. "आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाला सगळे जमणार आहेत. तेव्हा वाजवून दाखव. एकानं, अगदी एकानं जरी 'वन्स मोर' म्हटलं, तर जन्मभर वाजव. मी ब्र काढणार नाही. कुणी नाही म्हटलं, तर हे खोकं भाचीला देऊन टाकायचं आणि पुन्हा विषय काढायचा नाही."

"कबूल! आणि तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं. कापसाशिवाय."

तर त्या पहिल्या दिवशी बाईंनी दीर्घ श्वास घेतला, बो, म्हणजे घोड्याचे केस ताणून लावलेला गज, तारांवर टेकवला आणि ओढला. चटईवरून केरसुणी फिरवावी तसा 'सुर्रऽ' आवाज झाला. पुन्हा ओढला. पुन्हा केरसुणी. साहेबांनी कापूस काढून पाहिलं.

"अगं, सुरू कर ना."

"केलंय."

"हे? एवढंच?" साहेबांचा चेहरा खुलला. "मग हरकत नाही! मी उगाच धास्तावलो होतो."

बाईंचा चेहरा मात्र पडला. बोटानं छेडलं की तार व्यवस्थित 'टुण' म्हणायची, फोनमधल्या अ‍ॅपवर सूरसुद्धा जुळायचा. बो लावला की मुकी. आता ही गोष्ट कुणाला विचारली असती तर तिथेच मिटली असती. पण विचारणं हे बाईंच्या रक्तात नव्हतं. शिकवणीही त्यांनी लावली नव्हती. इंटरनेटवरच्या व्हिडिओंवरून शिकायचं ठरवलं होतं, आणि त्यातला पहिलाच 'साहित्याची ओळख' हा व्हिडिओ त्यांनी गाळला होता. "ओळखी करून घ्यायला मी काय लग्नाला आलेय?" असं म्हणून त्या थेट दुसऱ्या धड्यावर गेल्या होत्या. व्हायोलिनच्या पेटीत एका कोपऱ्यात झाकणाचा छोटा कप्पा होता, रिकामा. तो कशासाठी आहे याचा विचार न करता त्यांनी त्यात लवंगा भरून ठेवल्या. दातांच्या डॉक्टरला लवंग लागतेच.

दुसऱ्या दिवशी त्या वाद्यांच्या दुकानात गेल्या. दुकानदार केस वाढवलेला, बोलायला गोड.

"जरा मोठा आवाज देणाऱ्या तारा आहेत का?"

"आहेत की. आताच्या बरोबर वाजत नाहीत का?"

"वाजतात हो! न वाजायला काय झालं? मला अजून मोठा हवाय."

तारा बदलल्या. छेडल्यावर छान घुमल्या, बो लावताच गप्प. मग बाईंना वाटलं, दोष बोमध्ये असणार. पुन्हा दुकान. दुकानदारानं एक काळा, चकचकीत, कार्बनचा बो काढून दिला. "अगदी नवा आहे, घोड्याच्या केसांना कुणाचा हातसुद्धा लागलेला नाही. बाकी सगळं साहित्य आहे ना घरी?"

"सगळं आहे. मला काय नवशिकी समजता?"

नवा बो जुन्यापेक्षाही शांत निघाला.

सगळ्यात वाईट गोष्ट अशी की घरात आणि इमारतीत सगळे खूश होते. वरच्या मजल्यावरचे वकील व्हायोलिन आलं त्याच दिवशी दारात उभे राहून "कायदेशीर मार्ग मोकळे आहेत" असं बजावून गेले होते. आता तेच जिन्यात थांबून म्हणाले, "काय मंद वाजवता हो तुम्ही! आम्हाला कळतसुद्धा नाही. फार समजूतदार कलाकार आहात."

"मुद्दाम मंद वाजवते," बाई दात आवळून म्हणाल्या. "जोरात काय, कुणीही वाजवेल."

एकदा असं बोलून बसल्यावर परतीची वाट बंद झाली. साहेब तर आल्यागेल्याला सांगू लागले, "छंद असावा तर असा! शेजारी बसून मी पेपर वाचतो, झोपसुद्धा काढतो." बंड करायला उठावं आणि ज्याच्याविरुद्ध बंड त्यानंच पाठ थोपटावी, याच्याइतका अपमान नाही. बाईंनी पेशंटवर राग काढला नाही, एवढंच काय ते नशीब. पेशंटच्या तोंडात दोन्ही हात घालून त्या व्हायोलिनवर बोलत, आणि तो बिचारा फक्त 'आं आं' करून दुजोरा देई.

घरात रियाजाला एकच श्रोता होता, सासूबाई. त्यांच्या कानाला यंत्र होतं आणि ते कधी चालू, कधी बंद, हे फक्त त्यांनाच ठाऊक असे. साहेब औषधांच्या वेळांवर बोलू लागले की यंत्राची बॅटरी नेमकी संपायची. दुपारी त्या सुनेसमोर खुर्ची ओढून बसत.

"छान चाललंय," त्या म्हणायच्या.

"आई, काही ऐकू येतंय का?"

"हात छान चालतोय."

शेवटचा उपाय म्हणून बाईंनी व्हायोलिनला चिकटवायचा माईक आणि एक अँप्लिफायर आणला. अँप्लिफायर म्हणजे चांगला स्टुलाएवढा ठोकळा. तो चालू केला, बो ओढला. केरसुणी मोठी झाली, एवढंच. बाईंनी आवाजाचं बटण पार शेवटापर्यंत पिळलं, विचार करायला एक लवंग तोंडात टाकली आणि व्हायोलिन हनुवटीखाली घट्ट धरून ती चावली.

'कडाऽम!'

जबड्यातला आवाज हनुवटीतून लाकडात आणि लाकडातून माईकमध्ये गेला. साहेबांच्या हातातला पेपर उडाला.

"काय पडलं?"

"काही नाही. लवंग."

"लवंग? अख्खी गोणी पडली की काय?"

त्या संध्याकाळी मात्र बाई एकट्याच दवाखान्यात बसून राहिल्या. त्यांनी आपले हात दिव्याखाली धरून पाहिले. या हातांनी किती दाढा काढल्या, किती वाकड्या मुळांतून केसाएवढ्या सुया फिरवल्या, कधी थरथरले नाहीत. तारा बदलून झाल्या, बो बदलून झाला, मग राहिलं काय? आपल्याच हातात सूर नाही. बाईंना रडू आलं. त्यांनी ते येऊ दिलं, मग पेशंटच्या बेसिनमध्ये तोंड धुतलं आणि आरशाला सांगितलं, "सोडायचं तर वाजवून सोडीन. न वाजवता सोडणार नाही." आणि घरी येऊन व्हिडिओतली ती एकच धून, बोटं जिथे सांगितली तिथे ठेवत, मुक्यानंच पुन्हा पुन्हा घोटत राहिल्या.

वाढदिवस उजाडला. दिवाणखान्यात नणंदा, भाचे, चुलते दाटीवाटीनं बसले. वकीलही आले, कारण कार्यक्रम शांततेत होणार याची त्यांना खात्री होती. केक कापून झाला. साहेब पहिल्या रांगेत बसले, कापसाशिवाय, अगदी निर्धास्त.

नेमकं तेव्हाच कुणाचा तरी पाय वायरीत अडकला आणि अँप्लिफायरची वायर मुळापासून तुटली.

"राहू दे गं, असंच वाजव," साहेब उदारपणे म्हणाले. "आम्ही समजून घेऊ."

"वायर जोडल्याशिवाय मी वाजवणार नाही," बाई म्हणाल्या. "भावजी, तुमचं ते डाग द्यायचं, सोल्डरिंगचं सामान गाडीत आहे ना?"

धाकट्या दिरांना रेडिओ दुरुस्तीचा नाद होता. सामान त्यांच्या गाडीत कायमचं असे. त्यांनी स्वयंपाकघराच्या ओट्यावर पसारा मांडला. डाग देणारी कांडी तापली. मग त्यांनी निळ्या मखमलीच्या तुकड्यातून मधाच्या रंगाचा एक पारदर्शक खडा काढला आणि कांडी त्यावर टेकवली. 'चर्र' झालं, धूर निघाला.

बाईंचं लक्ष खड्याकडे नव्हतं. ते मखमलीकडे होतं. असलीच निळी मखमल त्यांच्या व्हायोलिनच्या पेटीत आतून लावलेली होती.

"भावजी, हे काय आहे?"

"राळ, वहिनी. डाग देताना लागते. तुमच्याच घरातली आहे की! दादानं दिली मला, तुमचं व्हायोलिन आलं त्या दिवशी. काय चिकट आहे बघा, अशी चांगली राळ आजकाल मिळत नाही."

बाईंनी खडा हातात घेतला. बोट लावलं, बोट चिकटलं. त्या तशाच आतल्या खोलीत गेल्या, पेटी उघडली, कोपऱ्यातल्या कप्प्यातल्या लवंगा पलंगावर ओतल्या आणि खडा कप्प्यात ठेवला. दातावर टोपी बसावी तसा बसला. मग त्यांनी फोन काढला आणि गाळलेला पहिला व्हिडिओ लावला. त्यातला माणूस हसतमुखानं सांगत होता, "राळ लावल्याशिवाय नवा बो वाजतच नाही. आवाजच निघत नाही."

"अहो!" अशी हाक आली की साहेबांना बँकेतल्या तपासणीची आठवण व्हायची. ते धावत आत आले.

"पेटीतला हा खडा तुम्ही भावजींना दिलात?"

"तो होय? मला वाटलं, आत ओल धरू नये म्हणून ठेवला असेल. काही महत्त्वाचं होतं का?"

म्हणजे दोष हातात नव्हता! बाईंना एकाच वेळी नवऱ्याला बदडावंसं आणि नाचावंसं वाटलं. त्यांनी दोन्हीपैकी काहीच केलं नाही. बो उचलला आणि त्यावर राळ घासायला लागल्या. किती लावायची हे व्हिडिओत पुढे सांगितलं असावं, पण तेवढा धीर कुणाला? पांढरी पूड उडेपर्यंत घासली.

"झालं, वहिनी! वायर जोडली," बाहेरून दिरांनी आरोळी दिली.

अँप्लिफायरचं बटण लवंगेच्या दिवशी शेवटापर्यंत पिळलेलं होतं, तसंच होतं. बाई बोवर राळ घासत घासतच बाहेर येऊन सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या. साहेबांनी डोळे मिटून मान डोलवायची तयारी केली. बाईंनी बो टेकवला आणि इतके दिवस आवाज निघावा म्हणून जितका जोर लावायची सवय लागली होती, तितक्या जोरानं ओढला.

पुढे काय झालं याविषयी नातेवाइकांत आजही एकमत नाही. कुणी म्हणतं मांजर, कुणी म्हणतं रेल्वे, तिसरा म्हणतो मांजर रेल्वेखाली. खिडकीच्या काचा थरथरल्या. केकवरची विझलेली मेणबत्ती आडवी झाली. एक चुलते उठून गॅस बंद आहे का ते पाहायला गेले. सूर तर एकही जागेवर नव्हता, कारण जागा पाठ झाल्या होत्या त्या मुक्यानं, आणि कान कधी कामाला लागलेच नव्हते. बाईंना ते पहिल्याच ओढीत कळलं. पण त्या थांबल्या नाहीत. उलट त्यांची मान ताठ झाली. आवाज होता! त्यांचा होता! साहेबांच्या डोळ्यांत डोळे घालून त्यांनी ती धून पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही ओळ न गाळता वाजवली.

धून संपली. साहेबांनी कानांवरचे हात काढले, घसा साफ केला आणि मॅनेजरच्या आवाजात विचारलं, "तर मंडळी, कुणाला काही म्हणायचंय?"

सगळे आपापल्या केककडे बघत होते. वकील काही म्हणणार होते, पण ते त्यांना न्यायालयातच म्हणायचं होतं. साहेब हसले आणि भाचीकडे वळले. भाची घाबरून आपल्या आईमागे सरकली.

"वन्स मोर!"

सगळ्यांच्या माना वळल्या. खुर्चीत ताठ बसून सासूबाई टाळ्या वाजवत होत्या. "वन्स मोर म्हटलं ना! माझा वाढदिवस आहे. वाजव गं सूनबाई, अख्खं वाजव."

"आई, अगं, तू..." साहेबांच्या तोंडून पुढे ब्र निघाला नाही. कबूलच केलं होतं तसं.

बाईंनी पुन्हा वाजवलं. दुसऱ्यांदा तर एक सूर चुकून जागेवरही पडला. मग भरल्या डोळ्यांनी त्या सासूबाईंच्या पाया पडायला वाकल्या आणि त्यांना सासूबाईंचा कान दिसला. रिकामा. यंत्र नव्हतंच. बाईंनी कानाकडे बोट करून खुणेनंच विचारलं.

सासूबाईंनी मांडीवरचा छोटा स्टीलचा डबा थोपटला. "आत आहे. तू त्या खड्यानं घासाघीस करायला लागलीस तेव्हाच काढून ठेवलं. मी काय वेडी आहे?"

"मग वन्स मोर कशाला म्हणालात?" बाईंनी सावकाश, ओठ हलवून विचारलं.

"या घरात कुणीतरी त्याला न विचारता आवाज काढला, ते डोळ्यांनी दिसलं की मला! उद्यापासून माझ्या खोलीत बसून वाजव. तो तिकडे फिरकणार नाही, औषधांवरचं भाषण तरी टळेल."

बाई पुन्हा बोवर राळ घासू लागल्या. साहेब घाईघाईनं दवाखान्याच्या पिशवीत कापूस शोधू लागले. पिशवी उलटी केली, झटकली.

"कापूस कुठे गेला सगळा?"

हा प्रश्न सासूबाईंना ऐकू येणं शक्यच नव्हतं. तरी त्यांनी डब्याचं झाकण किंचित उघडून आत पाहिलं. शेवटच्या कापसात गुंडाळलेलं यंत्र सुखरूप होतं. त्यांनी झाकण घट्ट लावलं आणि सुनेला हातानं खूण केली, चालू दे.