गोवळकोंड्याची टाळी

"बाबा, ती वही घरीच ठेवा," आकांक्षा म्हणाली. "बांगड्या आणायला चाललाय तुम्ही, तास घ्यायला नाही."

सोमेश्वर सरांनी वही पिशवीत आणखी खाली दाबली. अंबडच्या शाळेत त्यांनी बत्तीस वर्षं इतिहास शिकवला होता. निवृत्तीला चार वर्षं झाली तरी घरात पाणी मागतानाही ते फळ्याकडे तोंड केल्यासारखे बोलत. हैदराबाद त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. पण मोबाइलवरून उतरवून घेतलेलं दोनशे पानी हैदराबाद त्यांच्याकडे तयार होतं, आणि ज्याच्याकडे वही आहे त्याला शहर बघायची गरज काय, असा त्यांचा हिशेब होता.

आकांक्षाचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. हसनाबादच्या विहीणबाई सगुणाबाई यांची एकच इच्छा होती. सुनेच्या हातात लाड बाजारातल्या लाखेच्या बांगड्या हव्यात. त्यांच्या सासूनं त्यांना तिथूनच आणल्या होत्या, आणि सासूला तिच्या सासूनं, निजामाच्या काळात. म्हणून सगुणाबाई, त्यांचे यजमान पुंजाराम आणि सरांच्या पत्नी उषाबाई अशी तिघं निघाली. चौथे सर. ते कुणी न बोलावताच निघाले.

सकाळी दहाला मंडळी चारमिनारसमोर उभी राहिली. लाड बाजार चाळीस पावलांवर. सगुणाबाईंनी पदर खोचला.

"सर, त्या पाहा बांगड्या. चमकून राह्यल्या."

"आधी इतिहास, मग खरेदी. सन पंधराशे एक्क्याण्णव..."

दीड तास उन्हात सन चालले. मग वस्तुसंग्रहालय. तिथल्या मोठ्या घड्याळातून दर तासाला एक छोटा बाहुला बाहेर येतो आणि टोले देतो. बाराला पाच मिनिटं असताना सर घड्याळाकडे पाठ करून उभे राहिले आणि घड्याळाची माहिती सांगू लागले. त्यांच्या धिप्पाड देहाआडून कुणाला काही दिसेना. बारा टोले झाले. बाहुला आत गेला. तेव्हा सर म्हणाले, "आणि आता बघा, बाहेर येईल!"

"आला अन् गेला बी," पुंजाराम म्हणाले.

सगुणाबाईंनी उषाबाईंकडे पाहिलं. उषाबाईंनी तेहतीस वर्षांच्या सवयीनं छताकडे पाहिलं.

गोवळकोंड्याला पोहोचायला दीड वाजला. गाइड पुढं आला तर सरांनी त्याला हातानंच उडवून लावलं. घरात इतिहासाचा शिक्षक असताना पैसे कशाला घालवायचे! पण चढाव बघितल्यावर शिक्षकाला गुडघे आठवले.

"तुम्ही वर जा. मी इथं दरवाजात थांबतो. इथं वाजवलेली टाळी वर राजवाड्यात ऐकू येते. मोबाइल लावायचा नाही. टाळी ऐकली की खाली या. मग बांगड्या."

पद्धत शाही होती. फक्त त्या दरवाजात येणारा प्रत्येक माणूस टाळीच वाजवतो, तिथं दुसरं काही करतच नाही, एवढी गोष्ट वहीत नव्हती. अर्ध्या तासानं व्याही पुंजारामांचा फोन आला.

"इवाई, कितींदा बोलावता हो? तीनदा वीस-वीस पायऱ्या खाली आलो अन् तीनदा मागं चढलो."

"मी? मी अजून एकदाही वाजवली नाही! तुम्ही निवांत बघा म्हणून थांबलोय."

"मंग वाजवून कोण राह्यलं? आता सगुणा बसली रुसून. इहिणीला टाळ्या वाजवून बोलावत्यात, आम्ही काय कोंबड्या हाव का, म्हणती. मानानं न्यायला वर या. तवर उठत न्हाई."

टॉवेल-टोपीचा मान चुकला म्हणून भर मांडवातून उठून गेलेले व्याही सरांनी डोळ्यांनी पाहिले होते. इथं तर टाळ्यांचा अपमान, आणि लग्न आठ दिवसांवर. पोरीच्या नशिबाला बापाची वही आडवी यायची! सरांनी पायऱ्यांना हात लावला आणि चढायला घेतलं. दर वळणावर बसत, वहीनं वारा घेत, सव्वा तासानं ते वर पोहोचले.

वर पुंजाराम एकटेच शेंगा खात बसले होते.

"वि... विहीणबाई?"

"देवीच्या मंदिरात गेल्या दोघी. सगुणाचं देवाचं लांबतं. बसा. तवर त्यो इतिहास तरी सांगा. मला एकट्यालाच, निवांत."

सर बघतच राहिले. बत्तीस वर्षांत त्यांना इतिहास कुणी मागितला नव्हता. डोळे भरून आले त्यांचे. त्यांनी घाम पुसला आणि पान एक उघडलं. पुंजाराम दर राजाला "अच्छा" आणि दर लढाईला "बराबर" म्हणत होते. दोन तास गेले. विहीणबाईंचं दर्शन फार लांबलंय, हे सरांच्या ध्यानातही आलं नाही.

पान एकशे साठावर खालून टाळ्या आल्या. एक नाही, दणदणीत, आरतीच्या ठेक्यात. जांब समर्थच्या देवळात सगुणाबाई वाजवतात तशा. पुंजारामांनी शेंगांची टरफलं झटकली.

"चला."

"कुठं? औरंगजेबाचा वेढा राहिलाय!"

"सगुणा बोलावती. बांगड्या झाल्या."

"कसल्या बांगड्या? त्या मंदिरात आहेत ना?"

"तुम्ही चढत होते तवाच त्या उतरायच्या वाटेनं गेल्या. रिक्षा केली अन् लाड बाजार गाठला. कुणी सांगायला नसलं की जल्दी उरकतंय बघा. अक्कल उषाबाईंची." पुंजारामांनी थोडं खाकरून घेतलं. "तुमच्यापाशी कुणीतरी बसायला पाह्यजे होतं. चिठ्ठ्या टाकल्या. माझी निघाली."

सरांनी वही मिटली. बराच वेळ त्यांना सन आठवेना.

"म्हणजे आता मला टाळ्या वाजवून बोलावतात? बत्तीस वर्षांच्या शिक्षकाला? मी नाही उठत. मानानं न्यायला वर या म्हणावं!"

पुंजाराम तिसऱ्या पायरीवर होते.

"सांगतो की. पण सातच्या गाडीला कुणासाठी थांबायचं न्हाई, म्हणलीय सगुणा."

खालून पुन्हा टाळ्या वाजल्या. सर उठले, वही काखेत मारली आणि दोन-दोन पायऱ्या टाकत उतरू लागले.